एककासह मोजणे: भौतिक स्थिरांक आणि एककांचे रूपांतर, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अकरावीच्या पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने ‘एकक?’ असे लिहिलेले असते आणि अर्धा गुण कापलेला असतो, हा अनुभव बहुतेकांच्या वाट्याला आलेला आहे. संख्या बरोबर, रीत बरोबर, तरी अर्धा गुण गेलेला. त्यामुळे एकक म्हणजे उत्तर संपल्यावर आठवणीने चिकटवायचे शेपूट आहे अशी समजूत होऊन बसते आणि ती पदवीच्या प्रयोगशाळेपर्यंत सोबत करते. ती समजूत मोडावी आणि तिच्या जागी कामाची एक सवय लागावी, यासाठी हा लेख आहे. पाठ्यपुस्तकात एककांचे रूपांतर पहिल्या प्रकरणात आणि स्थिरांकांचा तक्ता शेवटच्या पानावर असतो, म्हणून हे दोन विषय वेगवेगळे वाटतात. माझे म्हणणे असे आहे की तो एकच विषय आहे, कारण बरेचसे मूलभूत स्थिरांक हे एका एककातून दुसऱ्या एककात नेणारे गुणकच असतात. हे पाचव्या पायरीवर उलगडेल. तिथवरच्या पायऱ्या नुसत्या वाचू नयेत, वही आणि वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहाव्यात.

लिखाणाची एक सोय आधी सांगतो. दहाचा ऋण चौतिसावा घात येथे १०^-३४ असा लिहिला आहे. सूत्रांतील रोमन अक्षरांचे उच्चार जसे वर्गात केले जातात तसेच ठेवले आहेत. म्हणजे गुरुत्व स्थिरांकासाठी ‘कॅपिटल जी’ आणि गुरुत्व त्वरणासाठी ‘स्मॉल जी’.

पायरी पहिली: संख्या आणि एकक यांचा गुणाकार समजावा

‘५ मीटर’ याचा अर्थ ‘५ गुणिले मीटर’ असा घ्यावा. बीजगणितात ५क लिहितो तेव्हा ‘क’ला जे स्थान असते तेच येथे मीटरला असते. मग बीजगणिताचे सगळे नियम एककांना आपोआप लागू होतात: सारखी एककेच मिळवता येतात, गुणाकारात एककांचाही गुणाकार होतो, आणि अंशातले व छेदातले सारखे एकक परस्परांना छेदून जाते. १०० मीटर भागिले २० सेकंद याचे उत्तर ५ मीटर प्रति सेकंद येते, ते एकक आपण मागाहून जोडतो म्हणून नव्हे, तर भागाकारातून ते तसेच उरते म्हणून.

या नियमाची परीक्षा घ्यायची असेल तर घरचे वीजबिल पुरेसे आहे. बिलावरचे एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. वॅट म्हणजे ज्यूल प्रति सेकंद. म्हणून १००० ज्यूल प्रति सेकंद गुणिले ३६०० सेकंद, यात सेकंद छेदून जातात आणि ३६ लाख ज्यूल उरतात. किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांची वर्तमानपत्रांतही गल्लत होते, पण एकके गुणून पाहणाऱ्याची होणार नाही, कारण पहिल्यात सेकंद छेदात शिल्लक असतो आणि दुसऱ्यात नसतो.

याच टप्प्यावर उपसर्गांची अक्षरे पक्की करावीत. स्मॉल एम उपसर्ग म्हणून आला तर मिली, कॅपिटल एम म्हणजे मेगा. दोघांत एक अब्जपटीचा फरक आहे आणि लिहिताना तो केवळ अक्षराच्या उंचीचा असतो. स्मॉल के म्हणजे किलो, तर कॅपिटल के म्हणजे केल्विन. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी: इंग्रजी पुस्तकातले मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत अंकांचे गट तीन-तीनचे असतात आणि आपण हजारानंतर दोन-दोनचे करतो. तक्त्यातली संख्या वहीत उतरवताना एखादे शून्य गळते ते बहुधा या अदलाबदलीत.

पायरी दुसरी: स्थिरांकाची किंमत वाचायला शिकावे

स्थिरांकांचे दोन वर्ग आहेत, आणि नवशिक्याला बहुतेक वेळा हा भेद कोणी सांगत नाही. काही स्थिरांकांच्या किमती ठरवलेल्या आहेत, म्हणून त्या तंतोतंत आहेत. काहींच्या मोजलेल्या आहेत, म्हणून त्यांत अनिश्चितता आहे.

ठरवलेल्या किमतींची गोष्ट अशी. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे भरलेल्या वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेत एककांच्या नव्या व्याख्या मंजूर झाल्या आणि २० मे २०१९पासून त्या लागू झाल्या. त्यानुसार सात स्थिरांकांच्या किमती कायमच्या गोठवण्यात आल्या. सिझियम-१३३ अणूच्या एका ठरावीक संक्रमणाची वारंवारता ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झ. प्रकाशाचा निर्वातातील वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद. प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०^-३४ ज्यूल-सेकंद. मूलभूत विद्युतप्रभार १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम. बोल्ट्झमनचा स्थिरांक १.३८०६४९ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विन. अ‍ॅव्होगॅड्रोचा स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल. आणि प्रकाशमापनासाठी ६८३ ल्युमेन प्रति वॅट. यांतली सिझियमची वारंवारता १९६७पासून आणि प्रकाशाचा वेग १९८३पासूनच ठरवलेला होता. २०१९मध्ये इतर मंडळी त्या पंगतीला बसली.

‘निसर्गातली किंमत माणसे कशी ठरवणार?’ हा प्रश्न येथे रास्त आहे. उत्तर असे की ठरवले गेले ते एकक. किलोग्रॅमचे उदाहरण घ्या. १८८९पासून पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजे किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या गेल्या, आणि भारताकडची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. शतकभरात मूळ दंडगोल आणि त्याच्या काही प्रती यांच्या वस्तुमानांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला, आणि तरीही व्याख्येनुसार मूळ दंडगोल कधीच चुकत नव्हता; चुकत होते ते बाकीचे जग. शेराला सव्वाशेर ही म्हण माणसांविषयी असली, तरी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराहून खरोखरच भारी भरत असे, आणि दंडगोलाची अडचण मुळात तीच होती. आता प्लांकच्या स्थिरांकाची एकके उलगडून पाहा: ज्यूल-सेकंद म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग भागिले सेकंद. सेकंद सिझियमने बांधला गेला, मीटर प्रकाशाच्या वेगाने. मग प्लांकच्या स्थिरांकाची किंमत ठरवली की किलोग्रॅम आपोआप ठरतो. प्रत्यक्षात हे किबल तराजूने केले जाते, ज्यात वस्तूचे वजन विद्युतचुंबकीय बलाने तोलून धरले जाते आणि ते बल प्लांकच्या स्थिरांकाच्या भाषेत मोजले जाते.

मोजलेल्या स्थिरांकांची किंमत कंसासह दिलेली असते. गुरुत्व स्थिरांक ६.६७४३०(१५) × १०^-११ घनमीटर प्रति किलोग्रॅम प्रति सेकंद-वर्ग, असे लिहिले असेल तर कंसातले १५ हे शेवटच्या दोन अंकांना लागू असते, म्हणजे ६.६७४३० अधिक-उणे ०.०००१५. हा कंस म्हणजे गुणाकार नव्हे. कॅल्क्युलेटरमध्ये तो भरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही, कारण गणिताच्या तासाला कंसाचा अर्थ तोच शिकवलेला असतो.

या किमती कोडाटा या आंतरराष्ट्रीय समितीच्या संचातून घ्याव्यात. साधारणपणे दर चार वर्षांनी संच नवा होतो आणि अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. पायथन वापरणाऱ्यांना सायपायमध्ये हाच संच तयार मिळतो. वहीत किंमत लिहिताना संचाचे वर्षही लिहावे. जुन्या पुस्तकातून घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते: निर्वाताची चुंबकीय पार्यता ‘४ पाय × १०^-७, तंतोतंत’ अशी त्यांत दिलेली असते. २०१९पासून ती तंतोतंत राहिलेली नाही, मोजलेल्या वर्गात गेली आहे. फरक इतका सूक्ष्म आहे की परीक्षेच्या गणितात तो कधीच दिसणार नाही, पण ‘तंतोतंत’ हा शब्द आता खोटा आहे.

पायरी तिसरी: एकाने गुणावे

रूपांतराची रीत एकच आहे आणि ती पुरेशी आहे. १ इंच = २.५४ सेंटिमीटर हे १९५९पासून तंतोतंत खरे आहे. दोन्ही बाजूंना १ इंचाने भागले की ‘२.५४ सेंटिमीटर प्रति इंच’ हा अपूर्णांक १ इतका होतो. १ने गुणल्याने राशी बदलत नाही, फक्त तिचा वेष बदलतो. अपूर्णांक उलटा धरायचा की सुलटा, हे पाठ करावे लागत नाही. जे एकक घालवायचे आहे ते छेदून जाईल असा तो धरावा. ‘गुणायचे की भागायचे?’ असा प्रश्न पडला तर समजावे की एकके लिहिलेली नाहीत.

ही रीत सोडल्याने काय होते याचा एक नोंदलेला दाखला कॅनडातला आहे, आणि त्यातले आकडे इतके बोलके आहेत की तो सविस्तर सोडवून पाहण्यासारखा आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जायचे होते. देश त्या काळी मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि हे विमान किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारे होते. विमानातला इंधनदर्शक बिघडलेला असल्याने टाकीत मोजपट्टी बुडवून इंधन मोजले गेले: ७,६८२ लीटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. उरलेले किती लीटर भरायचे, एवढाच प्रश्न होता.

गणित करणाऱ्यांनी घनता घेतली १.७७. या संख्येपुढचे एकक कोणी लिहिले नव्हते. ७,६८२ × १.७७ म्हणजे १३,५९७. हे किलोग्रॅम समजून २२,३००मधून वजा केले, ८,७०३ उरले, ते पुन्हा १.७७ने भागून ४,९१७ लीटर इंधन भरले. गणित अंकांच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण १.७७ ही घनता पौंड प्रति लीटर होती. ते एकक लिहिले असते तर पहिल्याच ओळीत लीटर छेदून जाऊन उत्तर १३,५९७ पौंड असे आले असते, आणि २२,३०० किलोग्रॅममधून पौंड वजा करायला पेन धजले नसते. किलोग्रॅममधली घनता ०.८०३ किलोग्रॅम प्रति लीटर. ती घेऊन करू:

७,६८२ लीटर × ०.८०३ किलोग्रॅम प्रति लीटर = ६,१६९ किलोग्रॅम
२२,३०० किलोग्रॅम − ६,१६९ किलोग्रॅम = १६,१३१ किलोग्रॅम
१६,१३१ किलोग्रॅम ÷ ०.८०३ किलोग्रॅम प्रति लीटर = २०,०८८ लीटर

भरायला हवे होते वीस हजार लीटर, भरले पाच हजारांहून कमी. ४१,००० फुटांवर इंधन संपले, दोन्ही इंजिने बंद पडली आणि वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन मॅनिटोबातल्या गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानात ६९ जण होते, सगळे वाचले. वैमानिकांच्या कौशल्याचे जे कौतुक झाले ते योग्यच होते. पण नवशिक्याने पाहण्याची गोष्ट म्हणजे त्या दिवशी हिशेब दोन ठिकाणी, माँट्रियलला आणि ओटावाला, तपासला गेला आणि दोन्ही ठिकाणी चूक सापडली नाही. नुसते आकडे पुन्हा तपासले तर तेच आकडे पुन्हा बरोबर येतात.

१९९९च्या सप्टेंबरात नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ हरवले, त्याचे कारणही याच जातीचे होते: एका संगणक-प्रणालीने आवेग पौंड-बल-सेकंदात दिला आणि दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. १ पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन.

पायरी चौथी: घातांची आणि तापमानाची काळजी घ्यावी

मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात म्हणून चौरस मीटरमध्ये १०० चौरस सेंटिमीटर असतात, असे लिहिणारा प्रत्येक वर्गात एकजण तरी निघतो. एककाचा वर्ग करताना गुणकाचाही वर्ग करावा: १०,०००. घन करताना घन: १० लाख. म्हणून १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर म्हणजे १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर. एक हजारांश किलोग्रॅम वर, एक दशलक्षांश घनमीटर खाली.

जमिनीच्या व्यवहारातले एक उदाहरण आपल्याकडचे आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. फूट ०.३०४८ मीटरचा, म्हणून बाजू १०.०५८४ मीटर आणि क्षेत्र १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, आणि आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. बोलताना गुंठा आणि आर एकच धरले जातात. एका गुंठ्याला त्याने बिघडत नाही, पण ४० गुंठ्यांच्या एकरात ४७ चौरस मीटरचा, म्हणजे पाचशे चौरस फुटांचा फरक पडतो. तेवढ्यात दोन खोल्या उभ्या राहतात.

तापमानाचे रूपांतर मात्र नुसत्या गुणाकाराने होत नाही, कारण सेल्सिअसचे आणि फॅरनहाइटचे शून्य वेगवेगळ्या जागी आहे आणि केल्विनचे तिसऱ्याच. ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ३१०.१५ केल्विन, पण तापमानात १ अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे १ केल्विनचीच वाढ. ताप दोन अंश फॅरनहाइटने चढला, तर ही वाढ दोन गुणिले पाच-नवमांश, म्हणजे १.१ अंश सेल्सिअस आहे. ३२ वजा करण्याचे पाठ केलेले सूत्र येथे लावले तर उत्तर उणे १६.७ येते, आणि तापलेला रोगी कागदावर गोठतो. सूत्रात तापमान भागाकारात किंवा गुणाकारात आले, जसे वायूंच्या समीकरणात येते, तर केल्विनच घ्यावे. तापमानांतील फरक आला असेल तर केल्विन आणि सेल्सिअस दोन्ही चालतात.

पायरी पाचवी: स्थिरांकाला पूल समजावे

आता मूळ मुद्दा. २.५४ सेंटिमीटर प्रति इंच हा जसा लांबीच्या दोन एककांमधला गुणक आहे, तसा प्रकाशाचा वेग हा सेकंद आणि मीटर यांमधला, प्लांकचा स्थिरांक हर्ट्झ आणि ज्यूल यांमधला, बोल्ट्झमनचा स्थिरांक केल्विन आणि ज्यूल यांमधला, अ‍ॅव्होगॅड्रोचा स्थिरांक मोल आणि कणांची संख्या यांमधला गुणक आहे. फरक इतकाच की इंच आणि सेंटिमीटर एकाच राशीची एकके आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक होते, आणि वारंवारता व ऊर्जा यांचे नाते शोधायला १९००चे साल उजाडावे लागले.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांत हायड्रोजन अणूची १४२०.४ मेगाहर्ट्झची लहर असते. या एका संख्येला चार वेष चढवून पाहू.

तरंगलांबी: २.९९७९ × १०^८ मीटर प्रति सेकंद भागिले १.४२०४ × १०^९ प्रति सेकंद. सेकंद छेदून जातात, उत्तर ०.२११ मीटर. खगोलशास्त्रज्ञ तिला ‘एकवीस सेंटिमीटरची रेषा’ म्हणतात ते यामुळे.
ऊर्जा: ६.६२६ × १०^-३४ ज्यूल-सेकंद गुणिले १.४२०४ × १०^९ प्रति सेकंद. उत्तर ९.४१ × १०^-२५ ज्यूल.
इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये: वरच्या ऊर्जेला १.६०२ × १०^-१९ ज्यूल प्रति इलेक्ट्रॉन-व्होल्टने भागावे. उत्तर ५.८७ × १०^-६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.
तापमानात: त्याच ऊर्जेला १.३८१ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विनने भागावे. उत्तर ०.०६८ केल्विन.

मेगाहर्ट्झ, सेंटिमीटर, इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि केल्विन ही चारही उत्तरे एकाच गोष्टीची आहेत. शेवटच्या उत्तराचा उपयोगही लगेच दिसतो: अंतराळातला थंडातला थंड हायड्रोजन वायूही ०.०६८ केल्विनपेक्षा कितीतरी उबदार असतो, त्यामुळे आपसातल्या टकरींमधून ही एवढीशी ऊर्जा अणूंना सहज मिळते आणि ही रेषा आकाशात सर्वत्र सापडते.

प्रकाशासाठी दोन पूल जोडून एक लांब पूल करून ठेवावा. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, आणि उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्ट व नॅनोमीटर यांत घेतले, तर १२३९.८४ येते, तोंडी हिशेबाला १२४० पुरते. प्रयोगशाळेतल्या सोडियम दिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणून त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा १२४० भागिले ५८९, म्हणजे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीचे तापमान ३०० केल्विन धरले तर बोल्ट्झमनचा पूल ओलांडून ०.०२५९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, ऐंशी पट कमी. म्हणून डब्यातले मीठ पिवळे चमकत नाही, आणि तेच गॅसच्या ज्योतीत पडले की ज्योत पिवळी होते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हाच आकडा मोलमागे हवा असतो. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रति कण म्हणजे ९६.४९ किलोज्यूल प्रति मोल, तेव्हा सोडियमसाठी सुमारे २०३ किलोज्यूल प्रति मोल. ९६.४९ हे अंक ओळखीचे वाटले तर बरोबर आहे: ते फॅरेडेच्या स्थिरांकाचे आहेत, आणि तो स्थिरांक अ‍ॅव्होगॅड्रोचा स्थिरांक गुणिले मूलभूत प्रभार याहून वेगळा काही नाही.

वायूंचा स्थिरांक ८.३१४, ०.०८२१ आणि १.९८७ अशा तीन किमतींनी छळतो. तिन्ही एकच आहेत. पहिली ज्यूलमध्ये, दुसरी लीटर-वातावरणात, तिसरी कॅलरीत. ०.०८२०५७ लीटर-वातावरणाला १,०१,३२५ पास्कल प्रति वातावरण आणि ०.००१ घनमीटर प्रति लीटर यांनी गुणून ८.३१४ येते की नाही, हे वाचकाने स्वतः पाहावे.

पायरी सहावी: जुन्या पुस्तकातले आकडे जपून आणावेत

अर्ग, डाइन, गॉस ही एकके सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीची आहेत. १ अर्ग म्हणजे १०^-७ ज्यूल, १ डाइन म्हणजे १०^-५ न्यूटन, १ गॉसच्या जोडीला १०^-४ टेस्ला. इथवर दहाचे घात बदलले की काम होते. विद्युतप्रभाराला मात्र एवढे पुरत नाही, कारण त्या पद्धतीत कूलोमच्या नियमाचे सूत्रच वेगळे लिहिले जाते. १ कूलोमच्या जोडीला २.९९८ × १०^९ स्थिरविद्युत एकके येतात, आणि हे अंक प्रकाशाच्या वेगाचे आहेत हे नजरेतून सुटू नये.

तेलाच्या थेंबाच्या प्रयोगातून मिलिकनने १९१३मध्ये इलेक्ट्रॉनचा प्रभार ४.७७४ × १०^-१० स्थिरविद्युत एकके असा दिला. २.९९८ × १०^९ने भागले की १.५९२ × १०^-१९ कूलोम मिळतात. आजची किंमत १.६०२. अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक असलेली ही तफावत रूपांतराची नव्हे. हवेच्या विष्यंदितेची, म्हणजे थेंबाला अडवणाऱ्या हवेच्या चिकटपणाची, जी किंमत त्यात वापरली होती तीच किंचित कमी होती. जुना आकडा आणताना म्हणून आधी एकक बदलावे आणि मगच तो चूक की बरोबर हे बोलावे.

कॅलरीबाबत एवढेच: आहाराच्या तक्त्यातली कॅलरी ही किलोकॅलरी असते, आणि रसायनशास्त्रातली १ कॅलरी ४.१८४ ज्यूल धरली जाते.

पायरी सातवी: अंक किती ठेवायचे ते शेवटी ठरवावे

मधल्या ओळींत कॅल्क्युलेटर देईल तेवढे अंक राहू द्यावेत आणि उत्तर लिहिताना सर्वांत कच्च्या राशीइतके सार्थ अंक ठेवावेत. १ इंच = २.५४ सेंटिमीटर यासारखे तंतोतंत गुणक किंवा ठरवलेले स्थिरांक या मोजणीत धरू नयेत. त्यांना अंकांची मर्यादा नाही.

सर्वांत कच्चा मूलभूत स्थिरांक कॅपिटल जी. १७९८मध्ये कॅव्हेंडिशने पिळाच्या तराजूने पृथ्वीची घनता मोजली तेव्हापासून प्रयत्न चालू आहेत, तरी त्याची किंमत आज लाखात दोन भागांपर्यंतच माहीत आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान याहून हजारो पटींनी नेमके ठाऊक आहे. कारण सरळ आहे: प्रयोगशाळेत ठेवता येतील अशा गोळ्यांमधले गुरुत्वबल अत्यंत क्षीण असते आणि इतर वस्तूंचे गुरुत्व अडवता येत नाही. याचा एक परिणाम नवशिक्यांना चकित करतो. उपग्रहांच्या कक्षांवरून कॅपिटल जी गुणिले पृथ्वीचे वस्तुमान हा गुणाकार ३.९८६००४४१८ × १०^१४ घनमीटर प्रति सेकंद-वर्ग इतका नेमका मिळतो. त्याला कॅपिटल जीने भागून पृथ्वीचे वस्तुमान काढले की मात्र ५.९७२ × १०^२४ किलोग्रॅमच्या पुढचे अंक डळमळू लागतात. गुणाकार दहा अंकांपर्यंत माहीत, आणि त्यातला एकेक अवयव चार-पाच अंकांपर्यंतच. उपग्रहाची कक्षा काढताना म्हणूनच गुणाकाराची किंमत थेट वापरावी. वस्तुमान आणि स्थिरांक वेगवेगळे घेऊन गुणणे म्हणजे हातातली नेमकी माहिती टाकून कच्ची उचलणे.

पायरी आठवी: उत्तराला दोन बाजूंनी ठोकून पाहावे

पहिली बाजू मितीची. कॅपिटल जी गुणिले वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग: घनमीटर प्रति किलोग्रॅम प्रति सेकंद-वर्ग, गुणिले किलोग्रॅम, भागिले मीटर-वर्ग. उरते मीटर प्रति सेकंद-वर्ग, म्हणजे त्वरण. सूत्र आठवताना त्रिज्येचा वर्ग करायचा राहिला असता तर ते येथेच दिसले असते. मिती जुळल्याने सूत्र बरोबर ठरत नाही, कारण अर्धा किंवा दोन पाय यांसारखे एककरहित गुणक मितीच्या चाळणीतून निसटतात. पण मिती जुळली नाही तर सूत्र नक्कीच चूक.

दुसरी बाजू आकारमानाची. ६.६७४ × १०^-११ × ५.९७२ × १०^२४ भागिले ६.३७१ × १०^६चा वर्ग, याचे उत्तर ९.८२ येते, आणि स्मॉल जी ९.८च्या आसपास असतो हे आपल्याला ठाऊक आहे. आधी दहाचे घात तेवढे तोंडी करावेत: उणे ११ अधिक २४ उणे १२ म्हणजे १; उरलेले अंक साधारण ४० भागिले ४०; म्हणून उत्तर दहाच्या जवळपास.

कॅल्क्युलेटरवरची ‘EXP’ अशी खूण असलेली घाताची कळ ‘गुणिले दहाचा अमुक घात’ एवढे सगळे एकटीच करते. अनेक जण ६.६७४, गुणिले, १०, घाताची कळ, उणे ११ असे दाबतात. त्याने संख्या दहापट मोठी भरली जाते. गंमत अशी की वरच्या गणितात ही चूक तिन्ही संख्यांत केली तर उत्तर तरीही ९.८२च येते: वर दोन संख्या दहा-दहा पटींनी वाढल्या, खाली त्रिज्येचा वर्ग शंभर पटींनी वाढला आणि सगळे फिटले. म्हणून आपला हात कळेवर बरोबर बसला आहे का, हे तपासायला हे गणित कामाचे नाही. त्याऐवजी पृथ्वीचा मुक्तिवेग काढावा, म्हणजे दोन गुणिले कॅपिटल जी गुणिले वस्तुमान भागिले त्रिज्या याचे वर्गमूळ. उत्तर सेकंदाला ११.२ किलोमीटर आले तर कळ ठीक दाबली गेली; ३५.४ किलोमीटर आले, तर वर्गमूळाखाली एक दहा जादा शिरला आहे.